शेजारची वाटी

मिरज,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तिशीला टेकलेल्या मुलाला मायन्यात 'बाळ' म्हणू नये हे मला कळते, पण लेखणी हातात धरली की दुसरा शब्द सुचत नाही. हे सारे फोनवर पाच मिनिटांत सांगून झाले असते असे तू म्हणशील. गेल्या रविवारी मी तसा प्रयत्न केलाही. परंतु तुझ्या मागे बंगळूरची वाहतूक एवढी गर्जत होती की मी काय म्हणाले ते तुला ऐकू गेले नाही, आणि तू जे म्हणालास ते मला नीट ऐकू आले पण आवडले नाही. "आई, भर रस्त्यात बसलेल्या माणसाचा फोटो निघणारच, त्यात विचारायचं काय?" हे तुझे वाक्य चार दिवस डोक्यात घोळते आहे, म्हणून हे पत्र.

प्रथम कौतुक करते, कारण ते खरे आहे. खंडेनवमीला, म्हणजे तुमच्याकडच्या आयुधपूजेला, तू पाठवलेली चाळीस चित्रे मी आजोबांच्या जुन्या टेबलावर संगणक ठेवून एकेक करून पाहिली. रिक्षावाला डोक्याच्या वर धरलेला कोहळा रस्त्यावर आपटतो आहे आणि आतले कुंकू त्याच्या पांढऱ्या शर्टापर्यंत उडाले आहे, ते चित्र माझ्या हातून निघाले असते तर मला आठवडाभर जेवण गोड लागले असते. बसच्या तोंडाला बांधलेले केळीचे खुंट आणि चाकाखाली ठेवलेले लिंबू, त्या लिंबाच्या अगदी जवळ आलेले चाक, हेही उत्तम. पडलेल्या कोहळ्याच्या फोडींवरून दुचाक्या घसरतात हे तुझ्या एका चित्रात मागे दिसते आहे, आणि तिकडे तू लक्ष दिलेले नाहीस. ते मुख्य चित्र झाले असते. असो.

एकोणिसाव्या चित्राशी मात्र मी थांबले. कृष्णराजेंद्र मार्केटमध्ये, 1928 साली बांधलेल्या त्या इमारतीच्या वरच्या सज्जात उभे राहून खालच्या फुलांच्या ढिगांची चित्रे सगळेच घेतात. तूही घेतलीस, त्याला माझी हरकत नाही. पण नंतर तू खाली उतरलास, समोरच्या रांगेतून लांब लेन्स लावलीस, आणि शेवंतीच्या ढिगामागे बसलेल्या त्या बाईने एक हात तोंडापुढे धरून दुसऱ्या हाताने पाण्याचा शिपका तुझ्या दिशेने उडवला तो क्षण टिपलास. पाण्याचे थेंब छान गोठले आहेत. खाली तू लिहिले आहेस, 'लोक उगाच चिडतात'. बाळ, ती उगाच चिडलेली नाही. सहा फूट उंचीचा, दाढी वाढवलेला एक अनोळखी पुरुष वीस पावलांवरून हातभर लांबीचे नळकांडे रोखून एक शब्द न बोलता आपल्या तोंडाकडे पाहतो आहे, हे तिच्या जागी बसून पाहा.

मला या बाबतीत फायदा होता हे कबूल करते. साडी नेसलेली, खांद्याला शबनम लावलेली बाई भाजीबाजारात उभी राहिली तर तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. उलट बायकाच विचारतात, कुठून आलीस, मुले किती, जेवलीस का. माझ्या निकॉन एफएम-2 कॅमेऱ्यावर जन्मभर 50 मिलिमीटरची एकच लेन्स राहिली. आधी दुसरी घ्यायला पैसे नव्हते आणि नंतर दुसरीची गरज उरली नाही. ती लेन्स लावली की माणसाचा चेहरा टिपण्यासाठी त्याच्यापासून चार-पाच फुटांवर जावेच लागते, आणि तेवढ्या अंतरावर उभे राहिल्यावर न बोलणे हे असभ्यपणाचे होते. म्हणजे माझी सभ्यता अर्धी माझी आणि अर्धी लेन्सची होती. तुझ्या लेन्सने तुला ती सक्ती केलेली नाही, एवढाच फरक आहे.

आपण 'फोटो काढतो' म्हणतो. या क्रियापदाकडे माझे लक्ष कोलकात्यात गेले. हावड्याच्या पुलाखाली मलिक घाटाचा फुलबाजार आहे. पूल 1943 सालचा, बाजार त्याहून जुना. पहाटे तिथे झेंडूच्या माळांचे जाडजूड वेटोळे खांद्यावर टाकून हमाल पायऱ्या उतरत असतात, आणि दुरून पाहिले तर माणसे दिसतच नाहीत, नुसते पिवळे-केशरी अजगर चालताना दिसतात. तिथल्या एका फुलवाल्या आजोबांनी मला विचारले, "छोबि तुलबे?" बंगालीत छायाचित्र 'तोलतात', म्हणजे उचलतात, आणि फूलही 'तोलतात', म्हणजे खुडतात. क्रियापद एकच. त्यांच्या बाजारात ते ऐकताना मला फार गोड वाटले, पण परतीच्या गाडीत मी आपल्या शब्दाचा विचार करीत बसले. विहिरीतून पाणी काढतात, गाईची धार काढतात, पायातला काटा काढतात, आणि दुसऱ्याच्या खिशातून पाकीटही काढतात. फोटो यांपैकी कोणत्या अर्थाने काढायचा हे क्रियापद सांगत नाही. ते कॅमेरा धरणाऱ्याला ठरवावे लागते. तुमच्या कन्नडमध्येही 'तेगे' म्हणजे काढणेच. तेव्हा तिकडेही प्रश्न सुटलेला नाही.

त्याच प्रवासात मी कुमारटुलीत गेले होते. महालयेला, म्हणजे देवीचे डोळे रंगवायच्या अमावास्येला, काही दिवस उरले होते. गल्ल्यांत पेंढ्याचे सांगाडे, त्यावर गंगेची माती, आणि डोळे न रंगवलेल्या दुर्गा ओळीने उभ्या. एकेका मूर्तिकाराभोवती चार-चार छायाचित्रकार होते. कोणी त्याच्या पाठीवरून वाकलेला, कोणी त्याला 'जरा इकडे मान कर' म्हणून सांगणारा. तिथे कारागिरांच्या संघटनेने छायाचित्रकारांकडून पैसे घेऊन पावती फाडायला सुरुवात केली होती. माझ्याबरोबरच्या एकाने त्यावरून वाद घातला, की ही तर सार्वजनिक गल्ली आहे. मी मुकाट्याने पैसे दिले आणि ती पावती आजतागायत जपून ठेवली आहे. त्या पावतीचा मला अपमान वाटला नाही. वाटले ते एवढेच, की आपण आपणहून काही दिले असते तर त्यांच्यावर पावतीपुस्तक छापायची वेळ आली नसती.

आता ससून डॉकची हकिकत लिहिते, जी तुला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहे पण पूर्ण कधी सांगितली नाही, कारण ती सांगताना मला अजूनही थोडी लाज वाटते. 1993 साली मी मुंबईत एका कलर लॅबमध्ये नोकरीला होते आणि रविवारी पहिली लोकल धरून कुलाब्याला जात असे. ससून डॉक हा 1875 सालचा, ससून घराण्याने समुद्रात भर घालून बांधलेला धक्का. उजाडायच्या आत तिथे ट्रॉलर लागतात, बर्फ फोडणाऱ्या यंत्रांचा खडखडाट सुरू होतो, टोपल्यांचे लिलाव उभ्या-उभ्या होतात, आणि बाजूच्या शेडमध्ये शेकडो बायका बुटक्या पाटांवर बसून कोळंबी सोलत असतात. मजुरी सोललेल्या मालाच्या वजनावर. त्यांतल्या एका बाईशी माझी बोलून ओळख झाली. चार रविवार मी तिच्याशेजारी बसले, कोळंबी सोलायचा प्रयत्न करून बोटे कापून घेतली, आणि पाचव्या रविवारी तिच्या परवानगीने तिचा फोटो काढला. तेव्हा विचारण्यात मी चुकले नव्हते, हे ध्यानात ठेव. शेडच्या दारातून तिरपा उजेड येत होता, बर्फाच्या पाण्याने तिची बोटे पांढरी पडून सुरकुतलेली होती, कोळंबीच्या काट्यांनी त्यांवर चिरा पडल्या होत्या, आणि चेहरा अर्धा अंधारात होता. त्या चित्रात होते ते सगळे तिच्या हातांत होते. एका प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळाले. परीक्षकांनी हातांबद्दल दोन परिच्छेद लिहिले.

दिवाळीत मी त्या चित्राची 12 बाय 15 इंचांची प्रत स्वतः डार्करूममध्ये काढली, जाड पुठ्ठ्यावर चिकटवली, वर मिठाईचा पुडा घेतला आणि तिच्या घरी गेले. मला वाटले होते की तिच्या डोळ्यांत पाणी येईल. तिने चित्र हातात घेतले, उजेडाकडे नेले, जरा वेळ पाहिले आणि म्हणाली, "हे गं काय बाई? असा कुणी फोटो लावतं का घरात?" मग हात पुढे करून तिने मला ते दाखवले, जणू मी ते आधी पाहिलेच नव्हते, आणि म्हणाली, "हे हात लोकांना दाखवायचे असतात का?"

मी काय उत्तर देणार? पुरस्कार त्या हातांनाच मिळाला होता.

तिनेच मग मार्ग काढला. पाडव्याच्या दिवशी मला पुन्हा बोलावले. मी गेले तेव्हा तिने ठेवणीतले हिरवे लुगडे नेसले होते, गळ्यात असेल-नसेल ते सोने घातले होते, आणि लोखंडी कपाटाशेजारी ताठ उभी होती. कपाट फोटोत पूर्ण आले पाहिजे, त्याचा आरसाही दिसला पाहिजे, आणि हात पदराखाली राहिले पाहिजेत, अशा तीन अटी होत्या. खोली दहा फुटांची. आरशात फ्लॅश चमकू नये म्हणून मी दाराच्या चौकटीला चिकटून, एक पाय गटारीच्या कडेवर ठेवून उभी राहिले, आणि तरीही माझ्या कोपराचे प्रतिबिंब आरशात आलेच. ती हसली नाही. फोटोत हसायचे नसते असे तिचे ठाम मत होते. छायाचित्र म्हणून ते अगदी सपाट आहे, प्रकाश सरळ तोंडावर मारलेला, मागे भिंतीवर काळी सावली. पुढे कित्येक वर्षे ते तिच्या देव्हाऱ्याच्या वर लटकत होते. पहिल्या चित्राचे काय करू, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या लोकांत लाव. आमच्या गल्लीत नको." त्या परवानगीवर मी ते आजही प्रदर्शनात लावते, आणि खोटे कशाला बोलू, दोन्हींत चांगले चित्र तेच आहे. पण ते माझे आहे. तिचे दुसरे.

तुझ्या आजोबांच्या स्टुडिओतला खालचा खण तुला आठवत नसेल. तू चार वर्षांचा असताना तो मोडीत गेला. त्यावर पेन्सिलीने 'न नेलेले' असे लिहिले होते. लोक बयाणा देऊन फोटो काढून जात आणि पुन्हा येत नसत. कुणाची सोयरीक फिसकटे, कुणाची बदली होई, कुणाकडे उरलेले तीन रुपये नसत. खंडेनवमीला स्टुडिओ झाडून-पुसून कॅमेरे, एन्लार्जर, निगेटिव्हवर पेन्सिलीने डागडुजी करायचे ते तिरपे मेज, सारे पाटावर मांडून त्यांना झेंडू वाहत, आणि त्या दिवशी एकही फोटो निघत नसे. हत्यारांनी वर्षातून एक दिवस विसावा घ्यायचा असतो. (तू त्याच दिवशी कॅमेरा घेऊन बाजारभर हिंडलास. आजोबा असते तर आधी त्यावरूनच बोलले असते.) पूजा झाली की तो खण उघडत, पाकिटे निवडत, आणि दिवाळीच्या चार दिवसांत मला सायकलवरून ती घरोघर पोहोचवायला पाठवत. "बाकी मागू नकोस, पण दिली तर नको म्हणू नकोस," एवढी सूचना असे. धंदा आणि धर्म दोन्ही सांभाळणारे असे वाक्य पुन्हा माझ्या ऐकण्यात आले नाही. काही घरे मला पाहूनच दार लावून घेत, त्यांना वाटे वसुलीला आले. बाकीच्या घरांतून मी इतके फराळाचे खाऊन येई की भाऊबीजेला माझे पोट बिघडलेले असे, आणि आजी आजोबांवर चिडत.

त्याच दिवसांत आजी शेजारीपाजारी फराळाची ताटे पाठवत. शेजारून आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही हा आपल्या घरचाच नव्हे तर साऱ्या गल्लीचा कायदा होता. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालून, पण रिकामी नाही. यात कोणी कोणाचे आभार मानत नसे. 'धन्यवाद' हा शब्द आम्ही सत्काराच्या कार्यक्रमात ऐकायचो, घरात नाही. ससून डॉकहून परतताना, बसमध्ये बसल्यावर, मला या दोन गोष्टी एकत्र दिसल्या. रस्त्यावरचा माणूस मला त्याचा चेहरा देतो ती शेजारची वाटी आहे. ती मी घरी घेऊन येते, तिच्यातले खाते, त्यावर नाव मिळवते. मग रिकामी कशी ठेवू?

आपल्याकडे बैलाला दिवस आहे, गाय-वासराला वसुबारस आहे, हत्यारांना खंडेनवमी आहे, लक्ष्मीपूजनाला दुकानदार चोपडीलाही हळदकुंकू वाहतो. बेंदराला कृष्णेकाठच्या गावांत बैलांची शिंगे रंगवून, झूल घालून, त्यांना पुरणपोळीचा घास भरवतात हे तू लहानपणी पाहिले आहेस. एका जानेवारीत मदुराईच्या बाजूला मी माट्टु पोंगल पाहिला तेव्हा रंगवलेली शिंगे, गळ्यातल्या माळा आणि गोड भाताचा घास हे सारे पाहून मला आपल्याच शिवारात उभे असल्यासारखे वाटले होते. परंतु कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसासाठी कोणत्याच पंचांगात तिथी नाही. म्हणून मी पाडवा धरला. गेली तीसेक वर्षे वर्षभरातल्या चेहऱ्यांच्या प्रती काढून त्या दिवशी निघते. दूरची माणसे असतील तर टपालाने पाठवते. तुझ्या बाबांना याचा खर्च पहिली काही वर्षे खटकला. पुढे तेच पाकिटांवर पत्ते लिहायला बसू लागले, कारण माझे अक्षर पोस्टमनला लागत नाही.

या फेऱ्यांत मला सर्वांत जास्त कळले ते लोकांना स्वतःचा कोणता चेहरा हवा असतो हे. बेंदराच्या मिरवणुकीतल्या एका शेतकऱ्याला मी त्याचा आणि त्याच्या खिलार बैलाचा फोटो नेऊन दिला, तर तो म्हणाला, "मला कशाला घेतलंय ह्यात? नुसता बैल पाहिजे होता." पुढच्या वर्षी नुसता बैल नेऊन दिला, तो विठोबाच्या तसबिरीशेजारी लागला. पोरांना मोटारसायकलवर बसून फोटो हवा असतो, मोटारसायकल कुणाचीही असो. म्हाताऱ्यांना चष्मा काढून हवा असतो. चालू कामाचा, घामाचा, मळक्या कपड्यांचा फोटो जवळजवळ कुणालाच नको असतो, आणि आपण छायाचित्रकार नेमका तोच काढायला उन्हातान्हात हिंडतो. यात कोण बरोबर, याचा निकाल मी लावलेला नाही.

दिलेली प्रत नेहमी आनंदच देते असेही समजू नकोस. क्रॉफर्ड मार्केटपाशी हातगाडी ओढणाऱ्या एका माणसाचा फार देखणा फोटो माझ्याकडे आहे; गाडीवर दोन माणसांच्या उंचीची खोकी, आणि तो पुढे झुकून जवळजवळ जमिनीला समांतर. पत्ता विचारला तेव्हा त्याने घाटावरच्या आपल्या गावाचे नाव सांगितले, मग एकदम घाबरून म्हणाला, "बाई, गावी पाठवू नका. घरी सांगितलंय मी पेढीवर कारकून आहे म्हणून." मी ती प्रत त्याला मुंबईतच द्यायला दोनदा गेले, तो भेटला नाही, आणि गावाचे नाव माहीत असूनही ती मी पाठवली नाही, कुठे छापलीही नाही. ती माझ्या कपाटातच आहे. काही वाट्या परत करणेच चुकीचे असते, आणि त्या आपण घासूनपुसून आपल्या फडताळात ठेवायच्या असतात.

तुम्ही तरुण मंडळी 'निर्णायक क्षण' हा शब्द फार वापरता. तो ज्यांच्या नावाशी जोडला गेला ते फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ थोरच होते; 1947-48 मध्ये ते आपल्या देशात हिंडले, आणि 30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींना त्यांच्या हत्येच्या थोडा वेळ आधी भेटून आले होते. त्यांच्याविषयी तू मला पुष्कळ सांगतोस. एकदा होमाई व्यारावाला यांच्याविषयीही वाच. 1913 साली नवसारीत जन्मलेल्या, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या, दिल्लीत साडी नेसून सायकलवरून हिंडत देशाचे स्वातंत्र्य कॅमेऱ्यात पकडणाऱ्या आपल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. 1970 साली पतीच्या निधनानंतर त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो पुन्हा उचललाच नाही, आणि त्यामागचे एक कारण असे होते की नव्या छायाचित्रकारांचे वागणे त्यांना पाहवेना. धक्काबुक्की करायची, समोरच्याचा मान ठेवायचा नाही. पद्मविभूषण त्यांना 2011 मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी मिळाले. चाळीस वर्षे त्यांनी एकही चित्र घेतले नव्हते. मी तेवढी कडक नाही, माझ्याने कॅमेरा ठेवला गेला नसता. पण 1970 मध्ये त्यांना जे खटकले ते आज त्या मार्केटच्या सज्जात त्यांनी पाहिले असते तर काय म्हटले असते, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

एक हिशेबाची गोष्ट. माझ्या रिळात 36 चौकटी असत, फार तर सदतिसावी ओढून काढता येई. दिवसाला दोन रिळे म्हणजे चैन. तू त्या एका सकाळी चौदाशे वेळा बटण दाबलेस असे अभिमानाने सांगितलेस. चौदाशे वाट्या कोण परत करणार? मी डिजिटलच्या विरोधात नाही, माझे गुडघे आणि फिल्मच्या आजच्या किमती दोन्ही त्याला अनुकूल आहेत. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तरी लोकांना आनंद होतो, आणि तरुणांना तर कागदापेक्षा तोच हवा असतो. फक्त बटण दाबताना, हा चेहरा मी परत कसा करणार आहे, एवढा प्रश्न मनात येऊन गेला की चौदाशेचे आपोआप चाळीस होतात. आणि तुझी चांगली चित्रे मी मोजली, ती चाळीसच्या आतच आहेत.

आता त्या शेवंतीवाल्या बाईंचे. शिपक्याचे ते चित्र तू कुठे लावू नयेस अशी माझी इच्छा आहे. पुसून टाकावेस असे म्हणते, पण ते तुझे तू ठरव. मार्केटमध्ये पुन्हा जा. नरकचतुर्दशीला किंवा बलिपाड्यमीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, सकाळी जाऊ नकोस, तेव्हा तिला मान वर करायला सवड नसेल आणि तू पुन्हा शिव्या खाशील. अशा एखाद्या दिवशी दुपारी जा, जेव्हा माल संपत आलेला असतो आणि त्या बायका उरलेली फुले दोऱ्यात ओवत एकमेकींशी बोलत बसतात. कॅमेरा घरी ठेव. दोन हात शेवंती विकत घे, घासाघीस करू नकोस. बोलणे निघाले तर सांग की त्या दिवशी तो मीच होतो. पुढच्या खेपेला कॅमेरा ने आणि "अक्का, ओंदु फोटो तेगीला?" असे विचार, आपल्या मिरजेच्या बाजारात निम्मे लोक कन्नड बोलतात, लहानपणी तुझ्या कानावर ते पडलेले आहे, उच्चार येईल. ती नाही म्हणू शकते. मला आजवर कितीजणींनी नाही म्हटले याची गणतीच नाही, आणि त्यांतल्या दोघी-तिघींशी माझी हो म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त मैत्री झाली. हो म्हणाली तर आधी तिला हवा तसा काढ, मग तुला हवा तसा.

फराळ या शनिवारी पार्सलने निघेल. चकल्या यंदा मोडल्या आहेत, चव बरी आहे.

तू भाऊबीजेच्या दिवशी येणार म्हणतोस, त्यापेक्षा पाडव्याच्या सकाळी आलास तर बरे, कारण यंदा माझ्या पिशवीत बावीस पाकिटे आहेत आणि खांदा दुखतो. दोन हळदीच्या पेठेत द्यायची आहेत, चार लक्ष्मी मार्केटच्या भाजीवाल्यांना, एक दर्ग्याबाहेरच्या फुलवाल्या चाचांना, ज्यांनी उरसातला स्वतःचा फोटो आधीच तीनदा मागितला आहे. सतारमेकर गल्लीत मात्र पुन्हा नव्याने काढायचा आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तिथे कॅमेरेवाल्यांची रीघ लागली आहे, आणि सगळे जण तिथल्या सतार घडवणाऱ्या चाचांच्या पटाशीवरल्या बोटांचाच फोटो काढून जातात. मीही तोच काढला होता. चाचांनी तो पाहिला, बाजूला ठेवला आणि म्हणाले की मंगळवेढ्याकडून यंदा तंबोऱ्यासाठी जो सर्वांत मोठा भोपळा आला आहे त्याच्याशेजारी त्यांना उभे राहायचे आहे, पांढरी टोपी घालून, आणि भोपळा त्यांच्याएवढाच दिसला पाहिजे. कारखाना बोळासारखा अरुंद आहे, माझ्या 50 मध्ये माणूस आला तर भोपळा येत नाही आणि भोपळा आला तर टोपी जाते. तेव्हा लांब लेन्स तिकडेच ठेव आणि तुझी 24 ची रुंद लेन्स आठवणीने घेऊन ये.

तुझी
आई